लेकॉकच्या नावाने फिरणारा मजकूर आणि घरातली भिंत

विल्टशरमधल्या लेकॉक या गावाची छायाचित्रे जोडलेला एक मजकूर सध्या मराठी व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. इंग्लंडमध्ये सरकार स्वतःच्या खर्चाने अख्खी जुनी गावे जपते, तिथे पाचशे वर्षांत एक वीटही बदललेली नाही, ऐतिहासिक महत्त्वामुळे सरकारी सूचीत नोंदवलेल्या (सूचीबद्ध) इमारतींपैकी दुसऱ्या श्रेणीच्या इमारतींना नियम सैल असतात आणि बाहेरचा दर्शनी भाग तेवढा राखला की मालकाला आत हवे ते करता येते, असे त्यात ठासून सांगितले आहे. माझा भाचा त्याच भागात जुने दगडी घर विकत घेण्याच्या बेतात आहे. त्याने हा मजकूर मला पाठवून, ‘मामा, मग स्वयंपाकघराची भिंत पाडायला हरकत नाही ना?’ असे विचारले, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

सर्वांत घातक दावा आतल्या भागाबद्दलचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. इंग्लंडमध्ये या इमारतींना १९९० चा सूचीबद्ध इमारती व संवर्धन क्षेत्रे यांविषयीचा नियोजन कायदा लागू होतो. इमारत सूचीत आली की ती आतून-बाहेरून संपूर्ण संरक्षित होते. जिना, चुलाणा, ओकच्या तुळया, लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा केलेल्या भिंती हे सगळे त्यात येते. इतकेच नव्हे, तर त्याच आवारात १ जुलै १९४८ पूर्वीपासून उभी असलेली कुंपणाची भिंत किंवा कोठारही सहसा त्या संरक्षणात धरले जाते. सूचीतल्या जुन्या नोंदींत अनेकदा ‘आतील भाग पाहिलेला नाही’ एवढेच लिहिलेले असते, आणि लोक त्याचा अर्थ आतला भाग मोकळा आहे असा लावतात. तो अर्थ साफ चुकीचा आहे. एखादा भाग वगळल्याचे नोंदीत स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो संरक्षितच असतो.

या कायद्याच्या सातव्या कलमानुसार इमारतीच्या वैशिष्ट्यावर परिणाम होईल असा कोणताही बदल करण्याआधी स्थानिक कौन्सिलची लेखी संमती घ्यावी लागते, आणि ती न घेता काम करणे हा नवव्या कलमाखाली फौजदारी गुन्हा आहे. वरच्या न्यायालयात त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, अमर्याद दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि दंड ठरवताना त्या कामातून मालकाला झालेला आर्थिक लाभही विचारात घेतला जातो. इमारत सूचीत असल्याचे ठाऊक नव्हते, हा बचाव चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे, आधीच्या मालकाने विनासंमती भिंत पाडली असेल, तर शिक्षा त्याच्यावर राहिली तरी ती पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकाच्या दारात येऊ शकते, आणि अशा नोटिशीला कालमर्यादा नाही. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणी हा कायदा उघडून पाहिला असेल, असे मला वाटत नाही.

सरकारी खर्चाची गोष्टही खरी नाही. लेकॉकचा मठ आणि गावाचा बहुतांश भाग माटिल्डा टॅल्बट यांनी १९४४ मध्ये नॅशनल ट्रस्टला दिला. ही १८९५ मध्ये स्थापन झालेली धर्मादाय संस्था आहे, सरकारी खाते नव्हे, आणि गावातल्या तिच्या घरांत भाडेकरू राहतात. इतरत्र खासगी मालक दुरुस्तीचा खर्च स्वतःच करतात. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचे काम पाहणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेची अनुदाने मर्यादित असतात आणि ती मुख्यतः मोडकळीस आलेल्या वास्तूंसाठी असतात. सूचीबद्ध घरांतल्या मंजूर बदलांवर पूर्वी मूल्यवर्धित कराची सवलत होती, तीही १ ऑक्टोबर २०१२ पासून गेली.

पाचशे वर्षांत काही बदलले नाही, हे तर लेकॉकच्या बाबतीत विशेषच खोटे आहे. तेराव्या शतकातला हा मठ सोळाव्या शतकात राहते घर झाला आणि अठराव्या शतकात त्यात नवा दिवाणखाना उभा राहिला. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक आणि या मठाचे तेव्हाचे मालक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये ज्या जाळीदार खिडकीचे छायाचित्र टिपले, आणि ज्याची निगेटिव्ह आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी मानली जाते, ती खिडकीही त्यांनीच काही वर्षांपूर्वी दक्षिणेच्या भिंतीत बसवून घेतली होती.

श्रेणीबद्दल फार बोलायला नको. नव्वद टक्क्यांहून अधिक सूचीबद्ध इमारती दुसऱ्या श्रेणीतच आहेत आणि संमतीची अट सर्वांना सारखीच आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. लेकॉकच्या मुख्य रस्त्यांवर विजेच्या तारा आणि अँटेना नजरेस पडत नाहीत, हे मजकुरात लिहिले आहे ते खरे आहे. जुन्या खिडक्यांना दुहेरी काच बसवायची परवानगी सहजी मिळत नाही, हेही खरे, आणि हिवाळ्यात त्याची झळ मालकाच्या खिशाला बसते.

भाच्याला मी एवढेच कळवले आहे की त्या घराची नोंद हिस्टॉरिक इंग्लंडच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते, ती आधी वाच. मग विकणाऱ्याकडून आजवरच्या प्रत्येक बदलाची संमतीपत्रे मागून घे आणि भिंतीचा प्रश्न कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याला लेखी विचार. संमतीच्या अर्जाला शुल्क नाही. उत्तर यायला साधारण आठ आठवडे लागतात, तोपर्यंत गवंड्याला शब्द देऊ नकोस.