सरासरी गुणांवरून प्राथमिक शाळेची पारख होत नाही

अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. त्याचा मथितार्थ असा, की सार्वजनिक प्राथमिक शाळेतील किती टक्के मुले राज्याच्या चाचणीत उत्तीर्ण झाली ते पाहावे. टक्का कमी असेल तर शिकवणे कच्चे समजावे. मोफत जेवण घेणारी किंवा इंग्रजी शिकणारी मुले जास्त असतील तर शाळा टाळावी. आणि निकाल वर्षभरात घसरला असेल तर तिकडे फिरकूही नये. हा सल्ला आईवडिलांच्या काळजीतून येतो, याबद्दल मला शंका नाही. तरीही त्यातले एकेक विधान तपासू लागले, की ते टिकत नाही.

पहिले विधान उत्तीर्णांच्या टक्क्याला अध्यापनाचा दर्जा मानते. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार झालेल्या आणि समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1966 च्या अहवालाने सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून दाखवले, की मुलांच्या गुणांतील फरकाचा शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक संबंध असतो. याचे एक कारण सरळ आहे. संघीय कायद्याने सक्तीची केलेली वाचनाची व गणिताची वार्षिक चाचणी तिसरीपासून सुरू होते, त्यामुळे किंडरगार्टन, पहिली आणि दुसरी या वर्गांत शिक्षकांनी केलेली मेहनत या टक्क्यात वेगळी दिसतच नाही, आणि शाळेत पाऊल टाकण्याआधी मुलाला मिळालेली किंवा न मिळालेली पुस्तके, पूर्वप्राथमिक शिक्षण, घरातले संभाषण हे सारे मात्र त्या गुणांत मिसळलेले असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रिअर्डन यांनी देशभरातील चाचण्यांचे निकाल एकत्र मांडून सरासरी गुण आणि शिकण्याचा वेग यांचा स्वतंत्र विचार केला. सरासरी गुण कुटुंबांच्या आर्थिक स्थितीशी घट्ट बांधलेले आढळले. तिसरी ते आठवीदरम्यानच्या प्रगतीचा मात्र त्या स्थितीशी फारच सैल संबंध दिसला. बहुसंख्य मुले गरीब घरांतून येणाऱ्या शिकागोच्या सार्वजनिक शाळांमध्ये 2009 ते 2014 या काळात मुलांनी पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतकी प्रगती केली होती. केवळ सरासरी पाहणाऱ्याला ही प्रगती कधीच दिसली नसती.

दोन शाळांची सरासरी शेजारी ठेवून तुलना करतानाही गफलत होते. समजा, एका शाळेत 80 टक्के मुले सुस्थित घरांतली आणि 20 टक्के गरीब घरांतली आहेत, व त्यांच्यापैकी अनुक्रमे 75 आणि 40 टक्के उत्तीर्ण होतात. दुसऱ्या शाळेत सुस्थित मुले 30 टक्के व गरीब मुले 70 टक्के आहेत, आणि उत्तीर्णांचे प्रमाण 80 व 50 टक्के आहे. दुसरी शाळा दोन्ही गटांना अधिक चांगले शिकवते, तरी तिचा एकूण निकाल 59 टक्के लागतो आणि पहिलीचा 68. सल्ला मानणारे सुस्थित कुटुंब आपल्या मुलासाठी नेमकी पहिली शाळा निवडेल. म्हणूनच 2002 पासून गटवार निकाल जाहीर करणे शाळांना बंधनकारक आहे, आणि पाहायचे ते तेच आकडे.

मोफत जेवणाच्या टक्क्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो आकडा आता गरिबीचे मापच राहिलेला नाही. कुटुंबाचे उत्पन्न संघीय दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत आणि 185 टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत, हा नियम अजून आहे. पण 2010 च्या कायद्यातून आलेल्या तरतुदीनुसार, सरकारी साहाय्य योजनांमुळे आपोआप पात्र ठरणाऱ्या मुलांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेले की शाळा सगळ्याच मुलांना मोफत जेवण देऊ शकते. ही मर्यादा आधी 40 टक्के होती, 2023 मध्ये ती 25 टक्क्यांवर आली. साहजिकच, अशा शाळेपुढे 100 टक्के हा आकडा दिसला तरी तिथली सगळी मुले गरीब आहेत असे मुळीच नाही.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवरचा आक्षेप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो, आणि ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते त्यांनी तो पुढे पाठवावा याचे वाईटही वाटते. घरी दुसरी भाषा असल्याची नोंद झाली की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. त्यात कमी पडलेले मूल या गटात येते आणि इंग्रजी पुरेसे आले की गटाबाहेर जाते. म्हणजे जे शिकले ते यादीतून निघून जातात, नुकते आलेले तिच्यात भरती होतात आणि गटाचा निकाल कायम कमीच दिसतो. शाळेने जितके यश मिळवावे तितके ते या आकड्यातून वजा होते. 2015 च्या कायद्याने बाहेर पडलेल्या मुलांचे गुण चार वर्षांपर्यंत या गटात धरण्याची मुभा राज्यांना दिली, ती याच कारणाने. शाळेचे काम जोखायचे असेल, तर मुले इंग्रजीत दरवर्षी किती पुढे सरकतात हा आकडा त्याच कायद्यामुळे राज्याच्या अहवालात मिळतो.

गरिबी एकवटलेल्या शाळांमध्ये शिक्षक अधिक वेळा बदलतात, हे खरे आहे आणि त्याची झळ तिथल्या प्रत्येक मुलाला बसते. पण मग शिक्षक किती वर्षे टिकतात हे शाळेला थेट विचारावे. वर्गातल्या मुलांच्या घरच्या उत्पन्नावरून त्याचा अंदाज बांधू नये.

राहिला वर्षागणिक घसरणीचा मुद्दा. गेल्या वर्षीची चौथी आणि यंदाची चौथी यांत मुले वेगळी असतात. वर्गात 50 मुले असतील तर एका मुलाने निकाल 2 टक्क्यांनी हलतो, आणि चार मुलांचा फरक पडला तर 8 टक्क्यांची ‘घसरण’ होते. खरी घसरण पाहायची तर गेल्या वर्षीची तिसरीतली मुले यंदा चौथीत कुठे आहेत ते पाहावे लागते, आणि तेही एका वर्षावर न थांबता तीनचार वर्षांचे.