कार्य शून्य, काम भरपूर

चुंबकीय प्लाझ्माने (प्लाझ्मा म्हणजे विजेने आयनित झालेला वायू) पृष्ठभागावर प्रक्रिया कशी करतात, या माझ्या लेखाखाली एका वाचकाने नाव न देता लांबलचक प्रतिक्रिया टाकली आहे. तिथेच दोन ओळी लिहिणार होते, पण त्या वाढत गेल्या. मुख्य वाक्य हे: ‘ताई, चुंबकीय बल कार्य करत नाही हे शाळकरी पोरगंही सांगेल, मग चुंबकाने प्लाझ्माला जोर येतो हे कुठून आणलंत?’ त्यापुढे तीन मुद्दे. एकक चुकलं आहे, लोखंडी वस्तूजवळ क्षेत्र वेडंवाकडं होतं त्याचा उल्लेख नाही, आणि प्रक्रिया सगळीकडे सारखी होते हा माझा दावा पोकळ आहे.

एकक चुकलंच. चुंबकीय क्षेत्राचा आकडा देताना 0.03 टेस्लाच्या जागी 0.03 गॉस पडलं होतं. दुरुस्त केलं, आभार.

आता ‘ताई’. एरवी किती आपुलकीचा शब्द, पण वाक्याच्या तोंडाशी स्वल्पविराम लावून आला की मागोमाग अक्कल शिकवणं येणार हे ठरलेलं. हाच लेख एखाद्या पुरुषाच्या नावावर असता तर ‘दादा, शाळकरी पोरगंही सांगेल’ असं लिहिलं असतंत का? नसतं. ‘सर, एक शंका होती’ असं लिहिलं असतंत.

असो. चुंबकीय बल गतीला काटकोनात असतं, म्हणून त्याचं कार्य शून्य. मान्य. पण चुंबक ऊर्जा देतो असं मी लिहिलं कुठे? ऊर्जा विद्युतक्षेत्राची. चुंबक फक्त इलेक्ट्रॉनची वाट अडवतो. अर्ध्या-एक पास्कल दाबाला निर्वात कक्षात वायू इतका विरळ असतो की कॅथोडवरून, म्हणजे ऋण विद्युतअग्रावरून, सुटलेला इलेक्ट्रॉन एखाद-दुसऱ्या धडकेत भिंत गाठतो आणि फुकट जातो. कॅथोडच्या पृष्ठभागाला समांतर चुंबकीय क्षेत्र ठेवलं की तोच इलेक्ट्रॉन गिरक्या घेत पृष्ठभागाजवळच घुटमळतो आणि वाटेत कक्षातल्या आरगॉन वायूचे कितीतरी अणू आयनित करतो, म्हणजे त्यांचा एकेक इलेक्ट्रॉन उडवतो. एकेका अणूला 15.8 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, ती धडकणाऱ्या इलेक्ट्रॉनच्याच खिशातून. आरगॉनचा आयन मात्र इलेक्ट्रॉनच्या सुमारे 73,000 पट जड. एवढ्याशा क्षेत्राने तो वळत नाही, सरळ जाऊन पृष्ठभागावर आदळतो. चुंबक नसेल तर दाब कितीतरी वाढवावा लागतो आणि व्होल्टेज हजारांत न्यावं लागतं, असेल तर काही शे व्होल्टमध्ये भागतं. डच भौतिकशास्त्रज्ञ पेनिंगने 1930च्या दशकातच ही युक्ती दाखवली. याला मी ‘जोर’ म्हटलं. तुमच्याकडे याहून चांगला मराठी शब्द असेल तर सांगा, शाळकरी पोराला विचारून सांगितलंत तरी चालेल.

पंधरा वर्षं मी अशा कक्षांशेजारी काढली आहेत. एकदा आमचं व्होल्टेज रोज थोडं थोडं चढू लागलं. करंट तोच, दाब तोच, पण चारशेच्या घरातलं व्होल्टेज पाचशेच्या पुढे. खिडकीतून एरवी जांभळट प्रकाशाचं रेखीव कडं दिसायचं, ते विस्कटलेलं. एका सकाळी नेहमीच्या दाबाला डिस्चार्ज, म्हणजे प्लाझ्मा, पेटेचना. सगळ्यांनी पॉवर सप्लायला शिव्या घातल्या. मी कॅथोड खोलला. थंड पाण्याच्या नळीत क्षार साचून ती जवळजवळ बुजली होती, म्हणून आतले चुंबक तापत होते. साधे निओडिमियम चुंबक 80 अंश सेल्सियसपुढे कायमचे कमजोर पडू लागतात. जे चुंबक पूर्वी बोटं चिमटून रक्त काढायचे, ते दोन बोटांनी अलगद सुटून हातात आले. नवे बसवले, त्याच संध्याकाळी कडं जागेवर आणि व्होल्टेज चारशेत. कार्य शून्य असलेल्या वस्तूने एवढं काम केलं हो! चुंबकांसमोरच्या टार्गेटवर, म्हणजे ज्याचे कण उडून वस्तूवर थर बसतो त्या कॅथोडवरच्या पत्र्यावर, त्याच कड्याखाली बोट आत जाईल अशी खोल खाच पडली होती, बाकीचा भाग जवळजवळ कोरा. बळ नेमकं कुठे लागतं हे त्या खाचेवरून आंधळ्यालाही कळावं.

राहिले दोन मुद्दे, त्यांत फारसा दम नाही. लोखंडाचा विषय वेगळ्या लेखाचा आहे. आणि ‘सगळीकडे सारखी’ याच्या आधी मी ‘साधारण’ हा शब्द लिहिला होता, तो तुम्ही सोयीने गाळलात. खाच टार्गेटवर पडते, वस्तूवर नव्हे, आणि वस्तू फिरती ठेवली की निभावतं. खोल भोकांचं आणि आतल्या कोपऱ्यांचं काय, असं विचारलंत. ते मी लिहिलंच नव्हतं, मग त्याचं उत्तर माझ्याकडे का मागता?

लेखात गॉसचं टेस्ला झालं आहे. ‘ताई’पुढचा स्वल्पविराम तुमच्या प्रतिक्रियेत अजून तसाच आहे.