‘एक सर्व्हर, एक संकेतस्थळ’ या सल्ल्याचा प्रतिवाद

नव्याने सर्व्हर उभारणाऱ्यांना सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा आशय असा: प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र सर्व्हर आणि स्वतंत्र आयपी पत्ता (यंत्राचा इंटरनेटवरील क्रमांक) लागतोच, एकाच सर्व्हरवर अनेक स्थळे ठेवली तर एचटीटीपीएस (सुरक्षित, सांकेतिक जोडणी) नीट चालत नाही, एक स्थळ हॅक झाले की सगळी हातची जातात, एकावर गर्दी झाली की सगळी बंद पडतात आणि शोधयंत्रांच्या निकालांत सगळी मागे ढकलली जातात. या सल्ल्यातील काही वाक्ये एके काळी खरी होती आणि एक वाक्य आजही अर्धे खरे आहे, म्हणूनच त्याचे एकेक विधान वेगळे काढून तपासणे आवश्यक आहे.

पहिले विधान स्वतंत्र आयपी पत्त्याचे. ब्राउझर डीएनएसकडून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेकडून, पत्ता मिळवतो, सर्व्हरच्या ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या पोर्टशी (जोडणीच्या दाराशी) जोडणी करतो आणि आपल्या मागणीतच ‘होस्ट’ या शीर्षओळीत हव्या असलेल्या डोमेनचे नाव कळवतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० (ब्राउझर-सर्व्हर संवादाचे नियम) या दस्तऐवजात ही ओळ नव्हती, त्यामुळे मागणी नेमकी कोणत्या नावासाठी आली हे सर्व्हरला पत्त्यावरूनच ओळखावे लागे. जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ ने ती सक्तीची केली. ती नसेल तर सर्व्हरने ४०० क्रमांकाची त्रुटी परत पाठवावी, असा नियमच आहे. अपाची आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हर-प्रणालींत एकेका स्थळाची मांडणी सांगणारे भाग, म्हणजे अपाचीमधील व्हर्च्युअल होस्ट आणि एनजिनएक्समधील सर्व्हर ब्लॉक, याच ओळीवर उभे आहेत. शिवाय आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीचे एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. प्रत्येक स्थळाला वेगळा पत्ता वाटत बसण्याची चैन तेव्हापासून कोणालाच परवडणारी नाही.

तरीही ‘स्थळे एकमेकांत मिसळतात’ ही तक्रार वारंवार ऐकू येते आणि ती खोटी नसते. चुकतो तो तिच्यावरून काढलेला निष्कर्ष. मागणीतले नाव कोणत्याही ब्लॉकशी जुळले नाही, तर एनजिनएक्स ती मागणी त्या पोर्टसाठी डीफॉल्ट म्हणून नेमलेल्या ब्लॉककडे देतो, आणि कोणताच नेमलेला नसेल तर सर्वांत आधी वाचलेल्या ब्लॉककडे देतो. अपाचीही पहिलाच व्हर्च्युअल होस्ट पुढे करतो. म्हणून ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सहचे नाव लिहायचे राहून गेले की भलतेच स्थळ उघडते. याहून फसवी चूक आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीची आहे. दोन स्थळांपैकी एकाच्याच ब्लॉकमध्ये आयपीव्ही६ ची ‘लिसन’ ओळ (कोणत्या पत्त्यावरच्या मागण्या ऐकायच्या हे सांगणारी) असेल आणि डीएनएसमध्ये मात्र दोन्ही डोमेनांना आयपीव्ही६ पत्ता दिलेला असेल, तर त्या मार्गाने येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच स्थळ दिसते, आणि आयपीव्ही४ वरून तपासणाऱ्या चालकाला मात्र सगळे सुरळीत भासते. उपाय सोपा आहे: प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन्ही ओळी लिहाव्यात आणि अनोळखी नावांसाठी काहीही न देणारा वेगळा डीफॉल्ट ब्लॉक ठेवावा. एनजिनएक्समध्ये ४४४ हा संकेत परत केला की उत्तर न देताच जोडणी बंद होते.

एचटीटीपीएसचे विधान ज्या काळात रूढ झाले त्या काळात ते रास्त होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. स्थळाची ओळख पटवणारे सर्टिफिकेट दाखवण्याची वेळ ‘होस्ट’ ओळ येण्याच्या आधीची असते, त्यामुळे एका पत्त्यावर अनेक सर्टिफिकेटे ठेवली तर कोणते दाखवावे हे सर्व्हरला कळत नसे. जोडणीच्या सुरुवातीलाच नाव कळवण्याची एसएनआय ही सोय जून २००३ मध्ये प्रमाणित झाली. परंतु अपाचीत ती २००९ साली २.२.१२ या आवृत्तीत आली आणि विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररने ती कधीच स्वीकारली नाही. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला आणि ती अडचण मागे पडली. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सेवा सर्वांना खुली झाल्यावर सर्टिफिकेटही मोफत मिळू लागले. मात्र एकाच सर्टिफिकेटमध्ये सगळी डोमेने कोंबण्याचा मोह टाळावा, कारण त्यातली नावांची यादी कोणालाही वाचता येते आणि एका डोमेनची नोंदणी संपली तर सर्वांचेच नूतनीकरण अडू शकते.

सर्वांत गंभीर विधान सुरक्षिततेचे आहे. सगळी स्थळे एकाच प्रणाली-वापरकर्त्याच्या नावाने चालत असतील, तर एका स्थळाच्या जुन्या प्लगइनमधून शिरलेला हल्लेखोर शेजारच्या स्थळाची कॉन्फिगरेशन फाइल वाचून त्याच्या डेटाबेसचा पासवर्ड सहज मिळवतो. इथे दोष यंत्र एक असण्याचा नसून वापरकर्ता एक असण्याचा आहे. प्रत्येक स्थळाला वेगळा लिनक्स वापरकर्ता, त्याच वापरकर्त्याच्या नावाने चालणारा वेगळा पीएचपी-एफपीएम पूल (स्थळाचा पीएचपी कोड चालवणाऱ्या प्रक्रियांचा गट), वेगळे सॉकेट (वेब सर्व्हरशी बोलण्याचा दुवा), स्वतःचा डेटाबेस आणि केवळ त्याच डेटाबेसपुरते अधिकार असलेले खाते द्यावे. फोल्डरची परवानगी ७५० (मालकाला सर्व मुभा, गटाला केवळ वाचन व प्रवेश, इतरांना काहीच नाही) ठेवून वेब सर्व्हरला गटामार्फत वाचनाची मुभा द्यावी. अडचण आली की ७७७ परवानगी (सर्वांना सर्व मुभा) देऊन मोकळे होणे, या एका सवयीमुळे वरची सगळी मेहनत वाया जाते, आणि हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ही विभागणीही अभेद्य नाही: कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, दोषातून रूटचे (सर्वोच्च) अधिकार मिळाले तर सगळी स्थळे उघडी पडतात. म्हणून पैशांचे व्यवहार किंवा रुग्णांच्या नोंदी सांभाळणारे स्थळ वेगळ्या यंत्रावर ठेवणे योग्यच आहे. पण पाच यंत्रे घेऊन त्यांतली चार अद्ययावत न करणारा माणूस, एकच यंत्र नीट सांभाळणाऱ्यापेक्षा अधिक धोक्यात असतो.

गर्दीबाबत भीती खरी आहे, पण ती मर्यादा न घातल्यामुळे. यंत्राची स्मृती (रॅम) संपली की कर्नल एखादी मोठी प्रक्रिया मारतो. ती बहुधा डेटाबेसची असते आणि मग सगळीच स्थळे कोसळतात. एक पीएचपी प्रक्रिया ६० एमबी घेत असेल, तर २० प्रक्रियांना १२०० एमबी लागतात. २ जीबीच्या यंत्रावर डेटाबेससाठी मग फारसे उरत नाही. हा हिशेब करून प्रत्येक पूलच्या प्रक्रियांची कमाल संख्या ठरवावी. लिनक्सवर सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीची स्मृतिमर्यादा वापरायची असेल तर प्रत्येक स्थळासाठी एफपीएमची वेगळी सेवा चालवावी, कारण एका सेवेतील सर्व पूलना ती मर्यादा एकत्रितच लागू होते.

शोधयंत्रांचे विधान फार वेळ घेण्याजोगे नाही. सामायिक पत्त्यामुळे स्थळ मागे पडत नाही, असे गूगलच्या प्रतिनिधींनी वर्षानुवर्षे सांगितले आहे. पत्त्याची पत खरोखर महत्त्वाची ठरते ती ईमेल पाठवताना. एका स्थळाच्या फॉर्ममधून स्पॅम गेला तर त्या पत्त्यावरून जाणारी सर्वांचीच पत्रे नाकारली जाऊ शकतात, म्हणून ईमेल वेगळ्या सेवेतून पाठवावे.

विशेष म्हणजे, या व्यवस्थेवरचा सर्वांत सबळ आक्षेप त्या सल्ल्यात आलेलाच नाही. एकाच्या कॉन्फिगरेशनमध्ये अर्धविराम द्यायचा राहिला आणि सेवा रीस्टार्ट केली, तर सगळी स्थळे एकदम बंद होतात. रीलोड केल्यास (सेवा न थांबवता मांडणी पुन्हा वाचायला लावल्यास) एनजिनएक्स चुकीची फाइल नाकारून जुन्या मांडणीवरच चालू राहतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर आधी चाचणीची आज्ञा चालवावी आणि मगच रीलोड करावे. आणि डिस्क एकच असल्यामुळे प्रत्येक स्थळाच्या फाइली व डेटाबेस यांचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर स्वतंत्रपणे जावा, आणि त्यातून निदान एक स्थळ खरोखर परत उभे करून पाहिलेले असावे.