‘६४ बिट म्हणजे दुप्पट वेग’ : मेनफ्रेमविषयीच्या एका समजाचा प्रतिवाद

आयबीएमच्या मेनफ्रेमविषयी, म्हणजे मोठ्या संस्थांची अवजड कामे करणाऱ्या संगणकांविषयी, एक विधान सर्रास पुढे पाठवले जाते : ‘२४ आणि ३१ बिटांचे ॲड्रेसिंग मोड हे निव्वळ जुने ओझे आहे, सगळे प्रोग्रॅम ६४ बिटांसाठी पुन्हा कंपाइल केले की वेग दुप्पट होईल.’

यातला वेगाचा दावा सर्वांत कच्चा आहे. मेमरीतल्या जागेच्या पत्त्यातले किती बिट विचारात घ्यायचे, एवढेच ॲड्रेसिंग मोड ठरवतो. आकडेमोडीची रुंदी त्यावर अवलंबून नसते. २००० साली आलेल्या झेड-आर्किटेक्चर या मेनफ्रेमच्या ६४ बिट रचनेवर ३१ बिट मोडमधला प्रोग्रॅमही ६४ बिटांची बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये करू शकतो. उलट ६४ बिट मोडमध्ये पॉइंटर (साठवलेला मेमरीचा पत्ता) ४ ऐवजी ८ बाइटांचा होतो, ७२ बाइटांचा नेहमीचा सेव्ह एरिया (प्रोसेसरमधली चालू मूल्ये जपून ठेवण्याची जागा) १४४ बाइटांवर जातो, आणि ज्याच्या रचनेत पॉइंटरांचीच गर्दी आहे अशा प्रोग्रॅमचा डेटा कॅशेमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) पूर्वीइतका मावत नाही, त्यामुळे तो प्रोग्रॅम मंदावण्याचाच संभव अधिक. २ जीबीत न मावणारा डेटा मेमरीत ठेवून डिस्कच्या फेऱ्या वाचवता आल्या, तर लाभ मोठा आहे. पण तो टळलेल्या फेऱ्यांचा असतो, ६४ बिट मोडचा नव्हे.

‘जुने ओझे’ म्हणणाऱ्यांना ३१ हा आकडा विक्षिप्त वाटतो, आणि तो आहेही. मात्र ३२ बिट जमत नव्हते असे नाही. आयबीएमच्याच जुन्या सिस्टिम/३६० मॉडेल ६७ या संगणकात ३२ बिट मोड होता. अडचण प्रोग्रॅम लिहिण्याच्या रूढ संकेतांची होती. प्रोग्रॅमला पुरवलेल्या पत्त्यांच्या यादीतल्या (पॅरामीटर यादीतल्या) शेवटच्या पत्त्याचा सर्वांत वरचा बिट १ करून ‘यादी संपली’ असे सांगण्याची पद्धत असंख्य प्रोग्रॅममध्ये रुजलेली होती. १९८०च्या दशकात आलेल्या ३७०-एक्सए या ३१ बिट रचनेने तो बिट पत्त्यात धरला नाही आणि ४ जीबीऐवजी २ जीबीवर समाधान मानले. ही जाणूनबुजून मोजलेली किंमत होती.

पुन्हा कंपाइल करण्याचा उपाय असेंब्लर या यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेतल्या कोडला लागूच पडत नाही. २४ बिटांच्या काळात पत्त्याशेजारच्या रिकाम्या बाइटमध्ये फ्लॅग (खुणेचे बिट) ठेवलेले असत. ३१ बिट मोडमध्ये तेच फ्लॅग पत्त्याचा भाग ठरतात आणि प्रोग्रॅम भलतीकडेच पोचतो. शिवाय फायलींसाठी लागणारा डीसीबी (फायलीची माहिती ठेवणारा तक्ता) आजही १६ एमबीच्या ‘लाइन’खालीच, म्हणजे २४ बिट पत्त्यांच्या हद्दीतच, ठेवावा लागतो. म्हणूनच प्रोग्रॅम ३१ बिटांतच ठेवून, मोठा डेटा तेवढा २ जीबीच्या ‘बार’च्या, म्हणजे ३१ बिट पत्त्यांच्या हद्दीच्या, वर हलवायचा आणि तिथे पोचण्यापुरते एसएएम६४ (६४ बिट मोड लावणारी इन्स्ट्रक्शन) देऊन नंतर एसएएम३१ने ३१ बिट मोडमध्ये परतायचे, ही असेंब्लरमधली जुनीच रीत आजही उपयोगी आहे.