आईला पुन्हा पाणी मोजायला लावू नका

आज सकाळी घरच्या ग्रुपवर परत तेच. "रोज चार लिटर पाणी, एकवीस दिवसांचं चॅलेंज!" खाली अंगठ्यांची रांग आणि माझ्या आईला टॅग करून, "काकू, तुम्हीपण सुरू करा." डोकंच फिरलं माझं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन वर्षांपूर्वी असाच एक मेसेज वाचून आईनं तासांच्या रेघा असलेली बाटली घेतली. नऊची रेघ, अकराची रेघ, एकची रेघ. तहान असो नसो, रेघेपर्यंत संपवायचंच. त्यात रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी, जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, उतरतं, आणि या गोळीनंही. दहाव्या दिवशी सकाळी आई हातात घड्याळ धरून उभी होती आणि ते मनगटावर कसं बांधायचं हेच तिला आठवत नव्हतं. मला हाक मारली ती मावशीच्या नावानं. रक्तातलं सोडियम निघालं ११८. ते १३५ ते १४५ असायला हवं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितात?" आणि मी, तिची मुलगी, कौतुकानं म्हणाले, "भरपूर पिते हो!"

हे आकडे येतात कुठून? १९४५ साली अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डानं दिवसाला अडीच लिटर सांगितलं होतं आणि लगेच पुढे म्हटलं होतं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. आकडा जगभर फिरला, पुढचं कुणी वाचलंच नाही. २००४ मध्ये तिथल्याच संस्थेनं पुरुषांसाठी ३.७ आणि बायकांसाठी २.७ लिटर धरलं, पण तेही जेवण, चहा, दूध, फळं सगळं मिळून. हे चॅलेंजवाले ते सगळं वगळून नुसतं पाणी ओतायला सांगतात. मूत्रपिंड तासाला फार तर ८०० मिली ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतं, आणि वय झालं, गोळ्या चालू असल्या की तेवढंही नाही. मग उरलेलं जातं कुठे? पेशींत. मेंदूच्या पेशी फुगतात. माझ्या आईच्या फुगल्या होत्या.

हो, मुतखडा होऊन गेलेल्यांनी जास्त प्यायला हवं, उन्हात राबणाऱ्यांनीही. म्हातारपणी तहान कमी लागते हेही खरं, त्यांना अधूनमधून आठवण करावी. पण आठवण करणं वेगळं आणि रेघा आखून देणं वेगळं. हृदयाच्या, किडनीच्या कितीतरी पेशंटना तर पाणी मोजूनच प्यायला सांगितलेलं असतं. ते या ग्रुपवर नाहीत, असं कोण सांगणार?

आणि ते अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, पाण्याचं खूळ! पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की ते पाणी तिथं पोचताच त्याचं अल्कलाइनपण संपतं. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, बाटली नाही. आरओ फिल्टरनं पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियमही निघून जातं. पाणी खारं किंवा दूषित नसेल तर त्याची गरजच नाही. जंतू नसलेलं, स्वच्छ, साधं पाणी. गार की कोमट, ज्याचं त्यानं बघावं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ज्यानं टाकलंय तो माझा चुलतभाऊ, मनानं चांगला आहे. आई दवाखान्यात होती तेव्हा रात्री जागायला तोच आला होता. त्याला वाटलं असेल, काकूंची तब्येत सुधारेल. आईलाही तसंच वाटलं होतं. घरी आल्यावर कितीतरी दिवस ती पेला हातात घेऊन मला विचारायची, "एवढं पिऊ ना गं?" तहान लागली तरी विचारायची. स्वतःच्या तहानेवरचा तिचा भरवसाच उडाला होता. तो आत्ता कुठे परत आलाय. लघवी फिकट पिवळी आहे, डोकं शांत आहे, बाटली माळ्यावर आहे.

तर बाबा रे, ती पोस्ट काढ. आईनं अजून वाचलेली नाही, झोपलीय. ती उठायच्या आत काढ.