‘फॉइलमध्ये गुंडाळलेले सँडविच दिवसभर टिकते’ : एका लाडक्या समजाचा प्रतिवाद

सुट्ट्या लागल्या की प्रवासाच्या डब्याबद्दलचा एक सल्ला फोनवरून फोनवर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: सँडविचला फ्रीज लागत नाही. ब्रेडला दोन्हीकडून बटर लावा, बटाटा नीट उकडून घ्या, हिरव्या चटणीत लिंबू आणि मीठ जरा जास्त घाला, मेयोनीज टाळा, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून वरून ओले फडके बांधा. सकाळी केलेले सँडविच रात्रीपर्यंत खाता येते. शंका आली तर वास घ्या, नाहीतर तव्यावर पुन्हा भाजा.

यातल्या काही सूचना चवीसाठी चांगल्या आहेत. सुरक्षिततेसाठी मात्र जवळजवळ एकही पुरेशी नाही, आणि शेवटच्या दोन तर धोक्याच्या आहेत. हा डबा लहान मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसेही खातात, म्हणून प्रत्येक मुद्दा वेगळा तपासू.

‘बटाटा उकडला की जंतू मेले’

सगळ्यात मोठी चूक इथेच आहे. बटाटा मातीत वाढतो आणि मातीत बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असतो. तो बीजाणू बनवतो, म्हणजे कडक कवचात झोपी जातो. कुकरच्या दोन-तीन शिट्ट्यांनी तो मरेलच असे नाही. बटाटा कोमट झाला की बीजाणू जागे होतात, आणि आता स्पर्धा करायला दुसरे जंतू उरलेले नसतात.

दुसरी वाट आपल्या हातांची. गरम बटाटा आपण हाताने सोलतो, हाताने कुस्करतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू निरोगी माणसाच्या नाकात आणि कातडीवरही असतो. बोटाला पिकलेली जखम असेल तर फारच. कुस्करताना तो साऱ्या भाजीत पसरतो. अर्ध्या तासाला एक दुप्पट धरली तरी सहा तासांत बारा दुपटी होतात, म्हणजे एकाचे चार हजारांवर. सकाळी सहाला केलेली भाजी दुपारी बाराला खाताना ती सकाळची भाजी राहिलेली नसते.

साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जंतूंचा वाढीचा पट्टा. शिजवलेले, ओलसर अन्न या पट्ट्यात दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि बाहेर 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नाही, हा अन्नसुरक्षेतला सर्रास पाळला जाणारा नियम आहे. मे महिन्यातल्या महाराष्ट्राला दुसरा आकडाच लागू होतो. रेल्वेच्या एसी डब्यातले 24 अंशही याच पट्ट्यात येतात. तिथे माणसाला गार वाटते, जंतूला नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी तर बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते.

‘शंका आली तर तव्यावर भाजा’

भाजल्याने जिवंत जिवाणू मरतात, पण स्टॅफिलोकॉकसने तोवर बनवून ठेवलेले विष उकळूनही जात नाही. बॅसिलस सेरियसचे उलटी आणणारे विष तर प्रेशर कुकरच्या 121 अंशांनाही दाद देत नाही. म्हणून सहा तासांचे सँडविच खरपूस भाजून खाल्ले तरी एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. भाजणे हा चवीचा उपाय आहे.

वासाचेही तसेच. अन्न आंबवणारे, बुरशी आणणारे सूक्ष्मजीव वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. पहिल्यांचा वास येतो, दुसऱ्यांचा बहुधा येत नाही. ‘वास तर चांगला होता’ हे वाक्य आजारी पडल्यावर ऐकू येते ते याचमुळे.

‘फॉइलमुळे टिकते’

ॲल्युमिनियम उष्णता रोखत नाही, झपाट्याने वाहून नेते. शिवाय गरम सँडविच फॉइलमध्ये बांधले की वाफ आतच थिजते, ब्रेड ओला होतो आणि भाजी जास्त वेळ कोमट राहते. घट्ट गुंडाळीत हवा कमी पोहोचते, आणि काही जंतूंना नेमके तेच हवे असते. 1994 साली अमेरिकेतल्या एल पासो शहरात एका ग्रीक उपाहारगृहात बोट्युलिझमची, म्हणजे हवेशिवाय वाढणाऱ्या एका जिवाणूच्या विषाने होणाऱ्या जिवघेण्या आजाराची, 30 जणांना बाधा झाली. कारण ठरले ते फॉइलमध्ये भाजून तसेच खोलीच्या तापमानाला ठेवलेले बटाटे, ज्यांचे पुढे डिप (बुडवून खायची दाट चटणी) बनवले गेले. प्रवासाच्या एका दिवसात इतके टोकाचे घडणे दुर्मीळ, पण फॉइल म्हणजे संरक्षण हा समज किती पोकळ आहे ते यातून कळते. फॉइल धूळ आणि माश्या अडवते, तेवढ्यासाठी जरूर वापरा.

‘ओले फडके गार ठेवते’

हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच पटते. पाणी उडून जाताना उष्णता घेते, माठ त्यावरच चालतो. पण ते किती गार करणार हे हवेतल्या दमटपणावर ठरते. नागपुरात 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर ओले कापड फार तर 23 अंशांपर्यंत उतरेल. रत्नागिरीत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेत ते 28च्या खाली जाणारच नाही. दोन्ही आकडे 5 अंशांपासून फार दूर आहेत. अख्खी काकडी किंवा कोथिंबिरीची जुडी ताजी ठेवायला ओले फडके उत्तम. भरलेल्या सँडविचला ते पुरत नाही, आणि पाणी पाझरून ब्रेडला लागले तर उलट नुकसानच.

‘लिंबू-मीठ जास्त घातले की चटणी टिकते’

आंबटपणा जंतूंना रोखतो हे खरे, पण त्याला प्रमाण लागते. कोथिंबिरीच्या एका जुडीला अर्धे लिंबू पिळून पीएच (आंबटपणाचे माप) किती झाला हे जिभेला कळत नाही. मिठाबद्दल तर सरळ सांगता येते: स्टॅफिलोकॉकस 10 टक्के मिठातही वाढतो. इतकी खारट चटणी कोणी तोंडात घालणार नाही. त्यात कोथिंबीर-पुदिना कच्चा, मिक्सरमध्ये टाकलेले पाणी बरेचदा न उकळलेले. वर तेलाचा थर दिल्यानेही हे बदलत नाही.

याला तोड घरातच आहे. शेंगदाण्याची, लसूण-खोबऱ्याची, जवसाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी. पाणीच नाही म्हणून जिवाणू वाढत नाहीत. आपल्याकडे लांबच्या वाटेला दशमी आणि कोरडी चटणी द्यायची पद्धत होती, ती याच जोरावर टिकली. अट एकच, चमचा कोरडा हवा.

‘फक्त मेयोनीज टाळा’

बाजारातले बाटलीबंद मेयोनीज मुळात आंबट असते. धोका बहुधा त्यात कालवलेल्या चिकनचा, मक्याच्या दाण्यांचा, बटाट्याचा असतो. मेयोनीज टाळून तेच सारण बटरमध्ये कालवले तर काही साधत नाही. कच्च्या अंड्याचे घरगुती किंवा गाडीवरचे मेयोनीज मात्र खरोखर टाळावे. तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये त्यावर वर्षभरासाठी बंदी घातली, ती याच काळजीने. प्रवासात न्यायचेच तर एका वेळेची सीलबंद पुडी न्या आणि खाताना फोडा.

‘अंडी दुकानात बाहेरच असतात, मग उकडलेले का नको’ असेही विचारले जाते. कच्च्या अंड्याच्या कवचावर एक नैसर्गिक लेप असतो आणि पांढऱ्यात जंतूंना रोखणारी प्रथिने. उकडताना दोन्ही निकामी होतात. उकडलेल्या अंड्यालाही दोन तासांचाच नियम. पनीरलाही तोच. चिरलेल्या टोमॅटोला आणि काकडीलाही तो लावलेला बरा.

मग न्यायचे काय? भरलेले सँडविच नेऊ नका, सँडविचचे सामान न्या. मांडवी एक्सप्रेसने मुंबईहून मडगावला जायला अख्खा दिवस लागतो. चार जणांच्या दुपारच्या खाण्याला एक न फोडलेला ब्रेड, दोन काकड्या, तीन घट्ट टोमॅटो, वाटीभर कोरडी चटणी, बटरच्या लहान वड्या किंवा पीनट बटर, जॅमच्या पुड्या, छोटी सुरी आणि एक ताटली पुरते. काकडी-टोमॅटो घरीच धुऊन अगदी कोरडे पुसा. ओले बांधले तर पिशवीत सडतात. कापण्याआधी हात साबणाने धुवा, सॅनिटायझर चिकट किंवा मळक्या हातांवर नीट काम करत नाही. खारे बटर दिवसभर टिकते, फक्त वितळते, म्हणून झाकणाच्या डबीत ठेवा. पावावर कुठेही बुरशी दिसली तर तो तुकडा कापून बाकीचे खाऊ नका, कारण तिचे तंतू आत पसरलेले असतात.

ओले सारण हवेच असेल तर बर्फाचा बंदोबस्त करा. लिटरच्या दोन बाटल्या नऊ दशांशांहून कमी भरा (गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते) आणि आदल्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. थर्माकोलच्या खोक्यात किंवा जाड इन्सुलेटेड पिशवीत एक बाटली खाली, एक वर, मधे हवाबंद डबा. रिकामी जागा वर्तमानपत्राने भरा. सारण ताटात पातळ पसरून निववा, मग फ्रीजमध्ये पूर्ण गार करा आणि नंतरच डब्यात भरा. अर्धा किलो वाफाळती भाजी थेट ठेवली तर ती गार होण्यातच पाव किलोहून जास्त बर्फ संपतो, आणि तोवर ती कोमटच राहते.

चटणी-चीजचे सँडविच असेल तर ते आख्खे गोठवूनही नेता येते. काकडी आणि बटाटा मात्र गोठवू नका. काकडीचे पाणी होते, बटाटा रवाळ होतो.

खोके सारखे उघडू नका. बाटलीत बर्फाचे तुकडे दिसताहेत तोवर आतला डबा गार समजा. शेवटचा तुकडा वितळला की घड्याळ पाहा: बाहेर 32 अंशांच्या वर असेल तर एक तास, नाहीतर दोन. त्यानंतर उरलेले टाकून द्या, संध्याकाळच्या चहासाठी राखून ठेवू नका.