आभार मानायचेत? मग नाव घ्या आणि काम सांगा

मंडळाच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन सुरू झालं की अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होतात, लोक स्टेशनच्या वाटेला लागतात. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्या सॉफ्टवेअरमध्येही, तेच चालतं. नवी आवृत्ती निघते, घोषणेच्या तळाला 'सर्व स्वयंसेवकांचे आभार' ही ओळ येते आणि विषय संपतो. ती ओळ कुणाच्याच पदरात पडत नाही. पगार नाही, बढती नाही अशा कामात माणसाला मिळतं ते त्याचं नाव आणि 'तुझं काम उपयोगी पडलं' ही खबर. तीही मोघम द्यायची?

फाइली लहान करणाऱ्या 'एक्सझेड युटिल्स' या सॉफ्टवेअरचं प्रकरण विसरू नका. तो प्रकल्प एकहाती सांभाळणाऱ्या स्वयंसेवकामागे २०२२ मध्ये अनोळखी नावांनी तगादा लावला: पॅच (कोडमध्ये सुचवलेले बदल) का घेत नाही, काम इतकं हळू का? आपली ताकद कमी पडतेय, असं त्याने उघड लिहिलंही होतं. मदतीला आलेल्याच्या हाती हळूहळू अधिकार गेले आणि मार्च २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने घातलेली चोरवाट (बॅकडोअर) सापडली. तीही कशी, तर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे एका इंजिनिअरला खटकलं म्हणून. आभार मानून हे टळलं असतं असं माझं म्हणणं नाही. पण थकलेल्या माणसाच्या वाट्याला फक्त मागण्याच आल्या तर तो किती दिवस तग धरेल?

श्रेय द्यायची खरी जागा कमिटमध्ये आहे. कोडचे बदल नोंदवणाऱ्या 'गिट'मधली एकेक नोंद म्हणजे कमिट. संदेशाच्या शेवटी एक रिकामी ओळ सोडा, मग 'को-ऑथर्ड-बाय', नाव आणि ईमेल. तो ईमेल त्या व्यक्तीच्या खात्याला जोडलेला नसेल तर गिटहब हे कोड ठेवायचं संकेतस्थळ तिच्या प्रोफाइलवर श्रेय दाखवत नाही, म्हणून आधी विचारून घ्या. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 'रिपोर्टेड-बाय' आणि 'टेस्टेड-बाय' अशा वेगळ्या ओळी आहेत, कारण बग शोधणाऱ्याने किंवा पॅच तपासणाऱ्याने कोडची एक ओळही लिहिलेली नसते. दुसऱ्याचा पॅच कॉपी करून स्वतःच्या नावावर कमिट करणं हा तर सर्रास होणारा अन्याय. ईमेलने आलेला पॅच उतरवणारी 'गिट एएम' ही आज्ञा वापरली की मूळ लेखकाचं नाव टिकतं. हाताने उतरवावाच लागला तर कमिट करताना '--ऑथर'ने त्याचं नाव द्या.

सगळ्यात जास्त मार खातात ते भाषांतरकार. 'गिट शॉर्टलॉग -एसएन'ची यादी प्रत्येकाच्या नावावरचे कमिट मोजते, आणि मराठीची शेकडो वाक्यं अनेकदा समन्वयकाच्या नावाने एकाच कमिटमध्ये जातात. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या पीओ फाइलमध्ये, म्हणजे भाषांतराच्या फाइलमध्ये, 'ट्रान्सलेटर-क्रेडिट्स' नावाची स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) असते. ती तशीच सोडली तर अबाउट खिडकीत भाषांतरकारांची नावंच येत नाहीत. भरताना जुन्यांची नावं पुसू नका, खाली आपली ओळ जोडा.

वापरणाऱ्यांसाठीही थोडं. बंद झालेल्या इश्यूवर (बग किंवा मागणीच्या नोंदीवर) 'थँक्स' लिहिलं की तो फॉलो करणाऱ्या प्रत्येकाला मेल जातो. तिथे इमोजी पुरे. मनापासून कळवायचं असेल तर काय वापरलं, कुठे आणि त्याने कोणतं काम सोपं झालं, एवढं लिहा. त्याच पत्रात नवी मागणी घुसवू नका. डेबियन या लिनक्स प्रणालीवर 'रिपोर्टबग --कुडोज' आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की बगऐवजी कौतुकाची मेल पॅकेज सांभाळणाऱ्याकडे जाते. पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत अशाच कामासाठी 'पर्लथँक्स' आहे. ही सोय फार कमी लोकांना ठाऊक असते, याचं मला वाईट वाटतं.

आणि मुंबईतले मीटअप. वक्त्याला भेटवस्तू मिळते, फोटो निघतो. रविवारच्या मेगाब्लॉकमधून बदलापूर-विरारहून वेळेआधी पोहोचून नोंदणीचं टेबल लावणारी, प्रोजेक्टरची केबल जुळवणारी पोरं त्या फोटोत नसतात. त्यांचे आभार शेवटी नको, चहाच्या सुट्टीआधी, सभागृह भरलेलं असताना माना. नावं कागदावर लिहून आणा, उच्चार आधी विचारून घ्या. टी-शर्टची ऑर्डर देताना त्यांचे साइज आधी घ्या. उरलेले डबल एक्सेल त्यांच्या गळ्यात मारू नका. प्रवासखर्च त्यांनी मागायची वाट न बघता त्याच दिवशी यूपीआयने द्या. विद्यार्थी असेल तर नेमकं काय काम केलं ते लिहिलेलं पत्र आठवड्याभरात हातात पडू दे. 'उत्साहाने सहभाग घेतला' एवढंच छापलेलं प्रमाणपत्र मुलाखतीत कुणी वाचतही नाही.